गाठीची ऑक्सिजनची हाक अडवली, तर तिच्या रक्तवाहिन्यांचे काय होते?

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींचा प्रश्न आहे. त्यांच्या थोरल्या भावाचे डावे मूत्रपिंड कर्करोगाच्या गाठीमुळे गेल्या वर्षी काढावे लागले आणि आता फुप्फुसात लहान लहान गाठी दिसू लागल्या आहेत. पेशीची ऑक्सिजन ओळखण्याची यंत्रणा अडवली, तर गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटणे मंदावते, असे त्यांच्या वाचनात आले. हे नेमके कसे घडते, आणि ऑक्सिजन ओळखणेच बंद केले तर गाठ उलट बिथरणार नाही का, असे ते विचारतात. जोडीला त्यांनी घरच्यांच्या दोन शंका कळवल्या आहेत: घरी ऑक्सिजनचे यंत्र लावले तर गाठ दबेल का, आणि ऑपरेशनच्या वेळी ‘हवा लागली’ म्हणून आजार पसरला असे गावात म्हणतात, त्यात काही तथ्य आहे का.

गुरुजी, ‘बिथरणार नाही का’ ही आपली शंका अगदी वर्मावर बोट ठेवणारी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ‘ऑक्सिजन ओळखणे अडवणे’ हा शब्दप्रयोग सर्रास केला जातो, पण तो सैल आहे. पेशीत ऑक्सिजनचे प्रमाण ओळखणारी प्रथिने वेगळी असतात आणि त्या ओळखीवरून हुकूम सोडणारे प्रथिन वेगळे असते. ओळखणाऱ्याला अडवले, तर रक्तवाहिन्या वाढवण्याचा हुकूम सुटतच राहतो, आणि हुकूम सोडणाऱ्याला अडवले, तर तो सुटत नाही. गाठीच्या रक्तवाहिन्या मंदावतात त्या दुसऱ्या प्रकाराने. दोन्ही प्रकारची औषधे आज वापरात आहेत आणि त्यांचे परिणाम एकमेकांच्या विरुद्ध आहेत, त्यामुळे हा नुसता शब्दांचा काथ्याकूट नाही. त्याकडे पुढे पुन्हा येतो.

गाठीला रक्तवाहिन्या कशासाठी लागतात, हे आपण मुलांना विसरणाच्या (डिफ्युजनच्या) धड्यात शिकवत असालच. केशवाहिनीतून बाहेर पडलेला ऑक्सिजन पेशीपेशींतून झिरपत फार तर एक ते दोन दशांश मिलिमीटर पुढे जातो, तेवढ्यात तो संपतो. जी पेशी याहून लांब, ती उपाशी. म्हणून स्वतःच्या रक्तवाहिन्या नसलेली गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढू शकत नाही, असा विचार अमेरिकी शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला आणि गाठीचे रक्तच तोडावे हा उपाय सुचवला. त्या काळी बहुतेकांना तो पटला नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. निरोगी ऊतींपर्यंत पोहोचेपर्यंत तो बहुतेक ठिकाणी दहा टक्क्यांच्या खाली येतो, आणि पुष्कळशा गाठींच्या गाभ्यात तो एक टक्काही उरत नाही. अशा कोंडलेल्या पेशी मरायला हव्यात, आणि काही मरतातही. पण ज्या तग धरतात त्या हाक घालतात, आणि त्या हाकेने शेजारच्या निरोगी रक्तवाहिनीला गाठीच्या दिशेने नवे फाटे फुटू लागतात.

ही हाक घालणाऱ्या प्रथिनाला ‘हिफ’ म्हणतात. त्याचे दोन भाग असतात, अल्फा आणि बीटा. बीटा सदैव खुंट्याला बांधलेल्या बैलासारखा तयार असतो, आणि अल्फा येऊन जोडी जुंपली गेल्याशिवाय काम सुरू होत नाही. गंमत अशी की पेशी अल्फासुद्धा अखंड तयार करत असते, मात्र ऑक्सिजन पुरेसा असेल तर तो काही मिनिटांतच नष्ट करते. तो नष्ट कसा होतो, यातच सगळी ओळख दडलेली आहे. पेशीत प्रोलीन हायड्रॉक्सिलेझ नावाची विकरे (एन्झाइम) असतात. त्यांना काम करायला लोह, शर्करेच्या चयापचयात तयार होणारे एक आम्ल आणि मुख्य म्हणजे ऑक्सिजनचा रेणू लागतो. ऑक्सिजन असला की ही विकरे अल्फाच्या साखळीतील प्रोलीन या अमिनो आम्लाच्या दोन ठरावीक कड्यांवर हायड्रॉक्सिलची खूण करतात. ती खूण दिसली की व्हीएचएल नावाचे दुसरे प्रथिन अल्फाला पकडते, त्याच्यावर युबिक्विटिनचा शिक्का मारते, आणि शिक्का बसलेले प्रथिन पेशीच्या कांडपयंत्रात जाऊन भुगा होते. ऑक्सिजन कमी पडला तर खूणच होत नाही, खूण नाही म्हणून व्हीएचएल अल्फाला पकडत नाही, अल्फा साठत जातो, केंद्रकात शिरतो, बीटाशी जुंपला जातो, आणि शेकडो जनुके एकदम जागी होतात.

त्या जनुकांतले सर्वांत बोलके म्हणजे व्हीईजीएफ, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींना वाढायला लावणारा घटक. हेरॉल्ड ड्वोरॅक यांच्या गटाने १९८३ मध्ये तो रक्तवाहिन्या गळक्या करणारा पदार्थ म्हणून ओळखला होता, आणि तोच पदार्थ रक्तवाहिन्या वाढवतो हे १९८९ मध्ये स्पष्ट झाले. रक्तवाहिन्या वाढवणारा पदार्थ त्यांना गळक्याही करतो, हे ध्यानात ठेवावे. गाठीच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, मध्येच फुगलेल्या आणि पाझरणाऱ्या असतात त्या यामुळेच. त्यांची संख्या भरपूर असूनही गाठीच्या बऱ्याच भागाला धड रक्त मिळत नाही.

हा सगळा उलगडा १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने होत गेला. ग्रेग सेमेन्झा हे मूत्रपिंडातून स्रवणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचा अभ्यास करत होते. तांबड्या पेशींची निर्मिती वाढवणारे हे संप्रेरक ऑक्सिजन कमी झाला की का वाढते, हे शोधताना त्यांना हिफ सापडले. तिकडे विल्यम केलिन हे व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ या आनुवंशिक आजाराचा पाठपुरावा करत होते. व्हीएचएल हे नाव या आजारावरूनच आले. या रुग्णांच्या गाठी रक्तवाहिन्यांनी खच्चून भरलेल्या असतात, आणि काहींच्या रक्तात तांबड्या पेशीही जास्त सापडतात. ऑक्सिजन असूनही तो नाही असे समजून या गाठी वागतात, हे केलिन यांनी ताडले. पीटर रॅटक्लिफ यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवले की व्हीएचएल नसेल तर हिफ नष्टच होत नाही, आणि २००१ मध्ये केलिन व रॅटक्लिफ या दोघांच्या गटांनी हायड्रॉक्सिलच्या खुणेचे कोडे सोडवले. २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले. एका दुर्मीळ आजाराच्या मोजक्या कुटुंबांकडे कोणी बारकाईने पाहिले नसते, तर ही यंत्रणा समजायला आणखी किती वर्षे लागली असती, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

आता आपल्या भावाच्या आजाराकडे येऊ, कारण योगायोगाने मूत्रपिंडाच्या कर्करोगाइतके या यंत्रणेचे स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. मूत्रपिंडाच्या कर्करोगांत सर्वाधिक आढळणारा प्रकार ‘क्लिअर सेल’. आपल्या कागदावर बहुधा हेच शब्द असतील. माझ्या रुग्णाचे मूत्रपिंड काढले की मी शक्यतो विकृतीशास्त्र विभागात जाऊन ते स्वतः पाहतो. सुरीने मधोमध कापले की निरोगी भाग काळसर तांबडा दिसतो आणि गाठ मात्र पिवळीधमक, हळदीत लोणी कालवावे तशी, कारण तिच्या पेशी चरबीने भरलेल्या असतात. त्या पिवळ्यावर जागोजागी रक्तस्रावाचे गडद डाग असतात. काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की स्वच्छ, रिकाम्यासारख्या दिसणाऱ्या पेशींचे पुंजके आणि प्रत्येक पुंजक्याभोवती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी बारीक केशवाहिन्यांची जाळी दिसते. एवढी दाट जाळी निरोगी ऊतीत क्वचितच पाहायला मिळते. त्या जाळीतून रक्त वाहत असते, ऑक्सिजन पोहोचत असतो, आणि तरीही पेशी ऑक्सिजन नसल्याची हाक घालत असतात. कारण या प्रकारच्या बहुसंख्य गाठींत तिसऱ्या गुणसूत्रावरील व्हीएचएल जनुकच निकामी झालेले असते. विकरे प्रामाणिकपणे खूण करत असतात, पण खूण वाचणारा कोणी उरलेला नसतो.

या हाकेला मी खोटी हाक म्हणतो. तोंडाच्या, गर्भाशयमुखाच्या किंवा आतड्याच्या बहुतेक गाठींत हाक खरी असते. तिथे व्हीएचएल शाबूत असते, ऑक्सिजन खरोखरच कमी असतो, आणि यंत्रणा आपले नेमून दिलेले काम चोख करत असते. कोणता उपाय कुठे चालेल हे माझ्या मते या एका फरकावरून पुष्कळसे कळते, आणि वर्तमानपत्रांत ‘कर्करोगाची रसद तोडणारे औषध’ अशा मथळ्याखाली जे छापून येते त्यात नेमका हाच फरक गाळलेला असतो. खोटी हाक बंद केली तर गाठीची रसद तुटते आणि हाक पुन्हा उठायला खरे कारणही फारसे नसते. खरी हाक मात्र एका तोंडाने बंद केली तर ती दुसऱ्या तोंडाने निघते, कारण उपासमार तशीच राहिलेली असते.

फोकमन यांच्या विचाराला औषधाचे रूप आले ते हाकेच्या शेवटच्या टोकाला, व्हीईजीएफपाशी. व्हीईजीएफला रक्तातच पकडणाऱ्या बेव्हासिझुमॅब या प्रतिपिंडाला अमेरिकेत २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. त्यानंतर व्हीईजीएफ पेशीवर जिथे जाऊन बसतो ती ग्राहक-प्रथिने बंद करणाऱ्या सुनिटिनिब, पॅझोपॅनिब यांसारख्या गोळ्या आल्या, आणि मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगाचे उपचार त्यांनी खरोखर पालटले. आपल्या भागातही ही औषधे आम्ही वर्षानुवर्षे देत आलो आहोत. त्यांनी अनेकांना चांगले महिने आणि काहींना चांगली वर्षे दिली आहेत, हे मी मनापासून सांगतो. पण त्यांची किंमत शरीराला मोजावी लागते. रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिने जातात, जखमा भरायला वेळ लागतो, आणि गोळ्यांनी तळहात-तळपाय सोलवटतात.

माझ्याकडे सुनिटिनिब घेणाऱ्या एक बाई येत. त्या दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जात. दिवाळीनंतर ऐन वेचणीच्या दिवसांत त्या आल्या तेव्हा त्यांच्या बोटांच्या टोकांची कातडी निघालेली होती, आणि बोंडाची टोकदार वाळलेली पाकळी त्यात घुसून जागोजागी रक्त आले होते. गोळी थांबवावी का, असे त्या विचारत नव्हत्या. हातमोजे घातले तर कापूस चिमटीत येत नाही, आणि वेचणी किलोवर असते, एवढेच त्या सांगत होत्या. मात्रा कमी केली, मधल्या सुट्टीचे दिवस बदलले, युरियाचे मलम दिले, आणि हात सावरले. औषधाच्या माहितीपत्रात ‘हात-पायांचा त्रास’ असे तीन शब्द असतात, पण कापूस वेचणाऱ्या बाईसाठी ते तीन शब्द म्हणजे हंगामाची मजुरी. म्हणून रुग्ण हाताने काय काम करतो, हे मी तेव्हापासून औषध लिहिण्यापूर्वी विचारतो.

व्हीईजीएफ अडवण्यातली खरी अडचण मात्र त्वचेची नाही. आपल्याकडे वरूड-मोर्शीच्या पट्ट्यातला कोणताही संत्रा बागायतदार ती चटकन समजेल. आंबिया बहार घ्यायचा असेल तर थंडीत झाडाचे पाणी तोडतात, ताण देतात. झाड पाने पिवळी करते, मेल्यासारखे दिसते, आणि ताण सोडला की फांदीफांदीवर फुलून येते. गाठीची रसद तोडणे म्हणजे तिला ताण देणेच आहे. रक्तवाहिन्या कमी झाल्या की उरलेल्या पेशींत ऑक्सिजन आणखी घटतो, हिफ आणखी साठते, आणि व्हीईजीएफ नसले तरी रक्तवाहिन्या वाढवणारे दुसरे घटक, शर्करा ओढून घेणारी प्रथिने, आसपास घुसण्याची आणि दूर जाण्याची क्षमता, हे सारे त्याच हुकमाने जागे होते. उंदरांवरील प्रयोगांत असेही दिसले की औषध थांबवल्यावर आठवडाभरातच गाठीच्या रक्तवाहिन्या पुन्हा उभ्या राहतात, कारण रक्तवाहिनी मेली तरी तिच्याभोवतीचे पातळ आवरण तसेच राहते आणि नवी पेशी त्यातून सरकत जाते. पीक काढल्यावर ठिबकच्या नळ्या शेतात तशाच राहाव्यात आणि पुढच्या हंगामात नुसता कॉक फिरवावा, तसे ते आहे.

म्हणून प्रश्न उभा राहिला की शेवटच्या टोकाला एकेक घटक पकडत बसण्यापेक्षा हुकूम देणाऱ्यालाच का थांबवू नये. हे बोलायला सोपे आणि करायला अवघड होते. हिफसारखी केंद्रकात डीएनएवर बसणारी प्रथिने औषधाला दाद देत नाहीत, कारण त्यांच्या पृष्ठभागावर औषधाचा लहान रेणू रुतून बसेल अशी खोबण सहसा नसते. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील वैद्यकीय केंद्रात रिचर्ड ब्रुइक आणि केव्हिन गार्डनर यांच्या गटांना हिफच्या दुसऱ्या प्रकारात, म्हणजे हिफ-२ च्या अल्फामध्ये, आत दडलेली अशी एक पोकळी सापडली. त्या पोकळीत रेणू बसला की अल्फाचा आकार किंचित बदलतो आणि तो बीटाशी जुळत नाही. बैल गोठ्यात आला, पण जू मानेवर बसत नाही. यातून पुढे बेल्झुटिफॅन ही गोळी तयार झाली. क्लिअर सेल गाठीत खरा चालक हिफ-१ नसून हिफ-२ आहे, हे तोवर कळलेले होते, हा मोठाच योग म्हणायचा.

व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ आजाराच्या ६१ रुग्णांवर ही गोळी आजमावली गेली तेव्हा सुमारे ४९ टक्के रुग्णांच्या मूत्रपिंडातील गाठी लक्षणीय आकसल्या. अमेरिकेत ऑगस्ट २०२१ मध्ये या आजारासाठी आणि डिसेंबर २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या पसरलेल्या, आधीचे उपचार घेऊन झालेल्या कर्करोगासाठी तिला मान्यता मिळाली. या दुसऱ्या गटात एव्हरोलिमस या आधीपासून वापरात असलेल्या गोळीशी तुलना केली असता गाठ आकसण्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते, तर एव्हरोलिमसचे जेमतेम साडेतीन टक्के. आजार पुढे सरकणेही लांबले. एकूण आयुर्मानात मात्र ठामपणे म्हणावा असा फरक दिसला नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे. आपण विज्ञानाचे शिक्षक आहात, आणि घरातले सगळे आपल्या तोंडाकडे पाहत असतील, म्हणून त्यांना २२ चा आकडा सांगताना उरलेले ७८ ही सांगावेत. काही गाठींत त्या पोकळीतच बदल होऊन औषध बसेनासे होते, हेही दिसले आहे.

हुकूमच थांबवल्याची किंमतही वेगळी असते. एरिथ्रोपोएटिन हिफ-२ च्याच हुकमावर चालते, त्यामुळे या गोळीने हिमोग्लोबिन जवळजवळ प्रत्येकाचेच उतरते. ६१ रुग्णांच्या त्या अभ्यासात ९० टक्क्यांना रक्तक्षय झाला. शिवाय मानेतल्या धमनीजवळ रक्तातील ऑक्सिजन मोजणारा एक इवलासा अवयव असतो, त्यालाही हिफ-२ लागते, आणि काही रुग्णांत रक्तातील ऑक्सिजन धाप न लागताच खाली येतो. कोरोनाच्या काळात घेतलेले बोटाला लावायचे यंत्र पुष्कळ घरांत कपाटात पडून आहे, ते अशा वेळी खरोखर कामाचे ठरते. गर्भाला या औषधाने गंभीर इजा होऊ शकते, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभावही ते कमी करते. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत, खेड्यापाड्यातल्या बायकांचे हिमोग्लोबिन आधीच नऊ-दहाच्या घरात असते. त्यामुळे हे औषध सुरू करण्यापूर्वी सिकलसेलची तपासणी आणि पूर्ण रक्ततपासणी झालीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑक्सिजन उतरणे सिकलसेलच्या रुग्णाला किती महागात पडते, हे गडचिरोली-चंद्रपूरकडच्या कोणत्याही डॉक्टरला सांगावे लागत नाही.

हिफ-२ थोडे सौम्य केले तरी माणूस धडधाकट राहू शकतो, याचा नैसर्गिक दाखला मात्र आहे. तिबेटच्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बहुतेक लोकांत हिफ-२ च्याच जनुकाचे एक वेगळे रूप आढळते, आणि त्यामुळे विरळ हवेतही त्यांचे हिमोग्लोबिन बेसुमार वाढत नाही, हे २०१० मध्ये समोर आले. गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावची तिबेटी वसाहत आपल्याला ठाऊक असेल. तिथल्या शेजाऱ्यांच्या रक्तात कदाचित ज्या बदलाचा वारसा आहे, त्याच प्रथिनावर डॅलसमध्ये औषध घडले, हे मला फार सुंदर वाटते.

आता ओळखणाऱ्या विकरांना अडवणारी औषधे. मूत्रपिंड निकामी झालेल्यांचा रक्तक्षय सुधारण्यासाठी ती वापरतात. भारतात डेसिडुस्टॅट हे असे औषध २०२२ पासून उपलब्ध आहे. ती विकरांना थांबवतात, हिफ साठू देतात, आणि शरीर स्वतःच एरिथ्रोपोएटिन बनवते. डायलिसिसच्या रुग्णासाठी ही उपयुक्त औषधे आहेत. पण ज्याच्या शरीरात गाठ आहे त्याच्या बाबतीत हाकच मोठी करणारे औषध जपूनच वापरावे लागते. आपले भाऊ आता एका मूत्रपिंडावर आहेत. उद्या मूत्रपिंडाचे काम मंदावल्याचे सांगणारे रक्तातले क्रिएटिनिन वाढले, हिमोग्लोबिन उतरले, आणि कर्करोगाची फाइल न पाहता कोणी ‘रक्तवाढीची गोळी’ लिहून दिली, तर ती याच प्रकारातली नाही ना, हे विचारून घ्यावे. असा गोंधळ मी एकदा पाहिला आहे. दोन वेगवेगळ्या गावांत दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, दोन्ही आपापल्या जागी बरोबर, आणि रुग्णाच्या पिशवीत दोन विरुद्ध औषधे.

घरच्यांच्या शंकांकडे येतो. ऑक्सिजनच्या यंत्राने गाठ दबणार नाही. आपल्या भावाच्या प्रकारच्या गाठीत बहुधा खूण वाचणारेच प्रथिन हरवलेले असते, त्यामुळे ऑक्सिजन कितीही दिला तरी हाक थांबत नाही. लिंबू, आवळा किंवा ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांबाबतही तेच. त्या विकरांना ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते हे खरे, पण विकरांचे काम इथे अडलेलेच नाही. इतर गाठींतही यंत्राच्या ऑक्सिजनचा फारसा उपयोग होत नाही, कारण निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन साध्या हवेतच ९५ टक्क्यांहून अधिक भरलेले असते आणि गाठीच्या वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांतून ते आत पोहोचणे हीच मुख्य अडचण असते. बोटावरचा आकडा कमी असेल आणि डॉक्टरांनी सांगितले असेल, तर ऑक्सिजन जरूर लावावा, पण तो श्वासासाठी, गाठीसाठी नव्हे. प्राणायामाने भावाला बरे वाटत असेल तर तो अवश्य करावा, मात्र त्याच्या भरवशावर गोळी सोडू नये.

‘हवा लागली’ या समजुतीने आपल्या भागात किती माणसे गेली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, पण माझ्या बाह्यरुग्ण विभागात मी तो दर आठवड्याला पाहतो. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, खाऊन गालात गाठ आलेला चाळिशीचा माणूस तुकडा काढू देत नाही, ‘सुई लागली की भडकते’ म्हणतो, आणि चार महिन्यांनी जबडा उघडेनासा झाल्यावर येतो. गाठ हवेने पसरत नाही. मूत्रपिंडाची गाठ तर आपल्याच रक्तवाहिन्यांच्या वाटेने, बरेचदा मूत्रपिंडाच्या मुख्य शिरेत शिरून पुढे सरकते. तिथून रक्त महाशिरेत, उजव्या हृदयात आणि लगेच फुप्फुसात जाते, आणि तिथली केशवाहिन्यांची चाळणी ही तिच्या वाटेवरची पहिली चाळणी असते. म्हणून या कर्करोगाच्या दूरच्या गाठी बहुतेकदा आधी फुप्फुसात दिसतात. आज दिसणाऱ्या गाठींचे बी ऑपरेशनच्या आधीच पडलेले असावे. ऑपरेशनला होकार दिला म्हणून वहिनी किंवा मुले स्वतःला दोष देत असतील, तर त्यांना हे समजावून सांगावे.

भावासाठी आजचा नेहमीचा मार्ग म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचे लगाम सोडवणारे इंजेक्शन आणि त्याच्या जोडीला व्हीईजीएफ अडवणारी गोळी, किंवा परिस्थितीनुसार दोनपैकी एकच. ही जोडी चालण्यामागेही रक्तवाहिन्यांचा संबंध आहे. हार्वर्डमधील आपले राकेश जैन यांनी मांडले की व्हीईजीएफ नेमक्या प्रमाणात कमी केले तर गाठीच्या रक्तवाहिन्या काही काळ सरळ होतात, पाझर घटतो, आणि औषध व रक्षक पेशी दोन्ही आत शिरू शकतात. हिफ-२ अडवणारी गोळी सहसा हे उपचार होऊन गेल्यावरची पायरी आहे. इंजेक्शन आणि ही नवी गोळी दोन्ही फार महाग आहेत, म्हणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्यांच्या प्रकरणात काय काय बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून आधीच विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट आपल्या स्वतःसाठी. भावाचे वय आजार कळला तेव्हा पंचेचाळीसच्या आत असेल, गाठी दोन्ही मूत्रपिंडांत असतील, किंवा घराण्यात कोणाला डोळ्याच्या पडद्यावर, लहान मेंदूत किंवा मज्जारज्जूत रक्तवाहिन्यांच्या गाठी, अथवा अधिवृक्क ग्रंथीत गाठ झाली असेल, तर व्हीएचएल जनुकाची तपासणी करून घ्यावी. हा आजार सुमारे ३६,००० जन्मांमागे एकाला होतो, म्हणजे दुर्मीळ आहे, पण आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते, आणि वेळीच कळले तर डोळे आणि मूत्रपिंडे दोन्ही वाचवता येतात.

नागपूरला दाखवायला जाताना मूत्रपिंडाचा विकृतीशास्त्राचा अहवाल, त्या गाठीचे मेणातले ठोकळे, म्हणजे ज्यांना प्रयोगशाळेत ‘ब्लॉक’ म्हणतात ते, आणि ऑपरेशनपूर्वीचे व आताचे दोन्ही सीटी स्कॅन सीडीसह सोबत न्यावेत. ब्लॉक ऑपरेशन झालेल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत अर्ज देऊन मिळतात. अहवालात ‘क्लिअर सेल’ हे शब्द आहेत की दुसरा प्रकार लिहिला आहे, हे मला कळवावे. दुसरा प्रकार असेल तर वर लिहिलेला खोट्या हाकेचा बराचसा भाग आपल्या भावाला लागू होणार नाही, आणि मग मी त्या प्रकाराबद्दल वेगळे लिहीन.